बुजवलेले खड्डे

प्रोग्राम म्हणाला, उतारावर काही नाही, आणि मी मूर्खासारखी खूश झाले.

आमचं काम ऐकायला सोपं आहे. विमानातून लेझरचे झोत सोडून जमिनीची उंची मोजतात, त्यातून झाडंझुडपं वजा करतात आणि उघडा डोंगर आमच्या पडद्यावर येतो. मग आम्ही शिकवलेला प्रोग्राम त्यात जुन्या माणसांच्या खुणा शोधतो. इथं शोधायच्या होत्या तांब्याच्या प्राचीन खाणी. त्यांची विवरं विहिरीसारखी उभी, आणि तोंडावर लाकडं टाकून वर माती लोटलेली. वरून दिसते ती नुसती खोलगट जागा. लाकडं एव्हाना किती कुजली असतील ते कुणालाच माहीत नाही, म्हणून उतारावर मशीन घालण्याआधी ती विवरं आम्ही शोधून द्यायची.

सकाळीच मी दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, आमच्याच खोदकामावर चेनच्या पट्ट्यांवर चालणारं पोकलेन चालवतो. हे काम त्याला मीच लावून दिलं, आणि त्यावरून वहिनी मला अजून ऐकवते.

"उतार साफ आहे. घाल मशीन," मी म्हणाले.

"चला, लागतो मग कामाला," तो म्हणाला.

दुपारी शेजारच्या टेबलावरचा सहकारी अहवालासाठी नकाशा सजवत होता. त्याला आम्ही सगळे चष्मिस म्हणतो. "काय गुळगुळीत डोंगर आहे गं," तो म्हणाला. "इस्त्री मारल्यासारखा."

मी हसले, आणि हसू तोंडातच राहिलं. त्या डोंगराच्या पायथ्याशी मुरूम काढून काढून पडलेला भलामोठा खड्डा आहे. मागच्या भेटीत मी त्यात सपशेल आपटले होते आणि सगळी मंडळी पोट धरून हसली होती. नकाशावर मी तो खड्डा शोधला. तिथं सपाट जमीन होती.

"ही फाइल कुठली रे?"

"तूच दिलीस की. पाणीवाल्यांकडून आलेली."

पावसाचं पाणी कुठून कुठं वाहील, ते पाणीवाले संगणकावर काढतात. खड्ड्यात पाणी अडकलं की त्यांचं गणित अडतं, म्हणून ते आधी जमिनीतले सगळे खड्डे संगणकातच बुजवून टाकतात. मूळ फाइल अवजड, तेव्हा अजून उतरत होती, म्हणून मी ही तयार उचलली होती. खड्डे बुजवलेल्या जमिनीत आम्ही खड्डे शोधत बसलो होतो. अक्कल गहाण टाकली होती मी.

"मूळ फाइल लाव. आत्ताच्या आत्ता!" मी चष्मिसवर ओरडले आणि दादाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. इंजिन चालू असलं की त्याला काही ऐकू येत नाही. मग खोदकामाच्या प्रमुख बाईंना लावला. त्यांना सगळे आक्का म्हणतात.

"आक्का, दादा कुठंय?"

"वर चढतोय. मधला चर घ्यायचाय ना. का गं?"

"थांबवा त्याला! खाली विवरं आहेत!"

फोन तसाच हातात धरून त्या पळाल्या. त्यांच्या धापा ऐकू येत होत्या, पायांखालचे दगड, आणि लांबून इंजिनाची घरघर. इकडे पडद्यावर विवरं दाखवणाऱ्या लाल चौकटी उमटू लागल्या. एक, तीन, मग मोजवेनात. पोकलेनवर जीपीएस बसवलेला आहे. चष्मिसनं त्याचा निळा ठिपका नकाशावर आणला. ठिपका त्या चौकटींमधून आरामात वर चालला होता.

"दादा, थांब रे," मी पडद्यालाच म्हणाले.

फोनमध्ये काहीतरी कडाडलं. घरघर थांबली. ठिपकाही थांबला.

"मशीन कललंय!" आक्का किंचाळल्या. "जवळ जाऊ का मी?"

"नको! आहात तिथंच थांबा!"

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. दादा होता. माझ्या हातात आक्कांचा फोन होता, म्हणून चष्मिसनंच तो उचलून माझ्या कानाला लावला.

"तू फोन करत होतीस वाटतं," दादा म्हणाला. त्याला धाप लागली होती. "डावी चेन अधांतरी आहे. खाली नुसता काळोख दिसतोय."

"दादा, माझी चूक आहे. मी भलतीच फाइल..."

"अगं, एरवी मी आधी उतरून, पहार ठोकून बघतो. आज नाही बघितलं. तू बघितलंयस म्हटल्यावर मी कशाला बघू?"

मला रडू फुटलं. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

"रड नंतर. मागे काही आहे का? मशीन मागे घेऊ?"

मी बाहीनं डोळे पुसले. त्याच्या डावीकडे एक चौकट होती, आणि मागे, तो आला त्या वाटेला अगदी खेटून, दुसरी. मशीनचा भार पेलल्याची खात्री होती ती फक्त चेनच्या खुणांखालच्या जमिनीची.

"मशीन हलवू नकोस," मी म्हणाले. "मागच्या बाजूनं उतर. उजव्या चेनची खूण धर आणि तिच्यावरूनच खाली ये. खुणेच्या बाहेर पाऊल टाकू नकोस."

"उतरतो," तो म्हणाला. दार उघडल्याचा आवाज आला. मग मातीवर एक पाऊल, मग दुसरं.

एवढं होऊनसुद्धा त्यानं मला "नक्की ना?" असं विचारलं नाही.