मालकाचा रकाना

"हाडाचं काम झ्याक हाय की मामा," सम्मेद म्हणाला आणि बिलियर्डच्या क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाजवळच्या पांढऱ्या कडीवरून त्याने अंगठा फिरवला. "हाडच न्हवं?"

प्रश्न दिसायला साधा होता, विचारणारा मात्र बारा गावचं पाणी प्यायलेला. गडहिंग्लजचा हा सम्मेद बिलियर्डच्या जुन्या क्यू शोधून बंगळूरच्या शौकिनांना विकायचा. पिराजीने नुसतं "व्हय" म्हटलं असतं तर क्यू त्याच दुपारी गाडीत बसून गेली असती. पण चाळीस वर्षं क्लबात मार्कर म्हणून टेबलाशी उभं राहून दुसऱ्यांचे पॉइंट खणखणीत आवाजात पुकारलेला माणूस तो. चुकीचा आकडा कानावर पडला की दुरुस्त केल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे.

"हाड कुठलं, पावणं? अस्सल हस्तीदंत हाय. ही कडी, आन् मुठीकडं जडवल्याली ही चार पानं. हाडाला बारीक काळी टिंबं असत्यात. हितं एक तरी दावा."

सम्मेदने तव्यावरून घ्यावा तसा हात मागे घेतला.

"कशाला सांगिटलासा मामा? आता मला कळलं न्हवं का? आता मला न्यायला येत न्हाय."

"का? खोटं हाय व्हय?"

"खरं हाय म्हनूनच की! हस्तीदंत इकायला बंदी हाय. वनखात्याचा मालकीचा दाखला असला तरी इकता येत न्हाय. आन् दाखला नसला तर घरात ठेवनंबी गुन्हा. जेलचं काम हाय, मामा. हाय का दाखला?"

पिराजीने नकाराची मान हलवली.

"मग असं करा. कडी कापून प्लास्टिकची बसवा. पानं उपटून काडा. तुमच्यागत क्यू दुरुस्त करनारा कारागीर जिल्ह्यात न्हाय. मग मी नेतो. कापल्यालं कुठं टाकलासा, ते तेवढं मला सांगू नगा."

"त्यात मग ऱ्हायलं काय?" पिराजी म्हणाला. सम्मेदने चहा संपवला, कप खाली ठेवून नमस्कार केला आणि तो गेला.

पिराजीला पैसा नको होता. त्याचा उजवा हात वर्षभरापासून थरथरत होता आणि न खेळलेली क्यू भिंतीवर वाकते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? ती कुणाच्या तरी खेळत्या हातात जावी, एवढंच त्याला हवं होतं. तेही आता जमणार नव्हतं. याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. चार महिन्यांपूर्वी बायको गेली तेव्हापासून त्याचं असंच झालं होतं. भूक लागायची नाही, तरी ताट पुढे आलं की जेवून व्हायचं. लोक रडायचे, आणि त्यांना पाणी आणून द्यायचा तो हाच.

क्यू आण्णांची. आण्णा म्हणजे क्लबाचे जुने सभासद, टेबलाशी उभे राहिले की इतर खेळ थांबवून लोक बघत असत. नजर गेली तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत ती पिराजीच्या हातात दिली. "पिराजी, ही तुझी," म्हणाले. पण क्लबाचा एक रिवाज होता. मार्करला स्वतःची क्यू नसते. त्याच्या हातात जी असेल ती क्लबाची, आणि ती तो सभासदाशी खेळायचं झालं तरच धरणार. म्हणून पिराजीने ती घरी आणली. रोज सकाळी सातला क्लब झाडायच्या आधी तो ती घेऊन जायचा, एकटाच तासभर खेळायचा आणि सभासद यायच्या आत परत आणून ठेवायचा. पहिल्याच आठवड्यात आक्काने, म्हणजे त्याच्या बायकोने, आपल्या हिरव्या इरकलीची लांब पिशवी शिवली. लग्नातलं लुगडं फाडलंस कशाला, असं त्याने विचारलं तर म्हणाली, "तुमची एवढी एकच वस्तू हाय. ती काय पोत्यात बांधायची?"

दाखल्याची संधी आली नव्हती असं नाही. बावीस एक वर्षांपूर्वी सरकारने सांगितलं होतं की घरात वाघाचं कातडं, शिंगं, हस्तिदंत असेल त्याने सहा महिन्यांत कळवावं. क्लबातल्या अकरा सभासदांचे अर्ज पिराजीनेच भरले, कारण त्याचं अक्षर मोत्यासारखं. सायकलवरून वनखात्याच्या कचेरीत तोच घेऊन गेला आणि रांगेतही तोच उभा राहिला. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "अजून कुणाचं राहिलंय?"

"न्हाय साहेब. समद्या मालकांचं झालं."

खोटं बोलला नव्हता तो. मालकांमध्ये आपण येतो हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. उचगावच्या घरी परतला तेव्हा क्यू समोरच्या भिंतीवर होती, आणि तरीही आलं नाही.

सम्मेदचं बोलणं मुलीने, पूर्णिमाने, स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. तिची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी ती क्लबाचे सेक्रेटरी राजवर्धन यांना भेटली आणि तोडगा घेऊन आली.

"आबा, क्यू वनखात्यात जमा करायची. क्लब पत्र देतंय. जुनं कपाट आवरताना बेवारस सापडली म्हनून. मालक म्हनून तुमचं नावच येणार न्हाय. तुम्ही फक्त वस्तू ओळखणारा साक्षीदार म्हनून सही करायची."

"सापडली कुठं? आण्णांनी दिल्ती की मला."

"ते सांगितलं तर दाखला मागतील. या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढवू व्हय तुम्हाला?"

पिराजी "बरं" म्हणाला. हल्ली तो सगळ्यालाच बरं म्हणे.

कचेरी तीच होती, खिडकी मात्र नव्हती. टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई होत्या. राजवर्धन यांनी पत्र पुढे केलं. बाईंनी क्यू पिशवीतून काढली, टेप लावून मोजली, लिहून घेतली. कडीपाशी येऊन थांबल्या.

"हे हाड आहे की हस्तिदंत? तपासायला पाठवूच, पण ओळखणाऱ्याचं म्हणणं लिहावं लागेल."

राजवर्धन यांनी पिराजीकडे पाहिलं, पूर्णिमानेही.

"हस्तीदंत," पिराजी म्हणाला. आवाज पूर्वीसारखा खणखणीत निघाला. मागच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली.

बाईंनी कागद वळवून त्याच्यासमोर ठेवला. पिराजीने तो वाचला. वस्तू, लांबी, वर्णन, सापडल्याचं ठिकाण. मालकाच्या रकान्यात लिहिलं होतं, निरंक. तो शब्द त्याने दोनदा वाचला. मग खाली, साक्षीदार असं छापलेल्या जागी, सही केली. अक्षर पार वाकडं आलं.

बाईंनी क्यू पुन्हा पिशवीत सरकवली आणि पिशवीच्या तोंडाला सुतळी बांधायला घेतली.

"बाई, थांबा."

"काय झालं?"

"क्यू घ्या. पिशवी देता येत न्हाय."

"आबा," पूर्णिमा हळूच म्हणाली.

"पत्रात पिशवी कुठाय? न्हाय न्हवं?" पिराजी उठून उभा राहिला. "ही माजी हाय. माज्या बायकोनं शिवलीया. मालक म्हनून कुटं लिवायचं असंल तर लिवा. पिराजी."

बाईंनी पत्र पुन्हा पाहिलं. मग काही न बोलता सुतळी सोडली, क्यू बाहेर काढून वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

बाहेर पूर्णिमाने स्कूटर सुरू केली. "घडी घाला की आबा, डिकीत ठेवू."

"असू दे."

उचगावपर्यंत तो मागे ताठ बसून राहिला. हिरवी पिशवी त्याने हातात उभी धरली होती, क्यू धरतात तशी. वाऱ्याने ती वरून सारखी मोडून पडत होती, आणि दर खेपेला तो ती पुन्हा सरळ करत होता.