टाळूला हात न लावता

चहाच्या कंपनीत ती एकोणीस वर्षं चहा चाखत होती. रोज दीडशे पेले. चमचाभर चहा सुर्रकन ओढायचा, टाळूवर उडवायचा, थुंकायचा आणि त्याची कुंडली मांडायची. जिभेपेक्षा तिचा भरवसा टाळूवर, आणि नेमका तोच कापायची वेळ आली होती.

वरच्या पुढच्या दाताची हिरडी सरकून मूळ उघडं पडलं होतं. "टाळूचा पातळ तुकडा काढून तिथे शिवायचा," दातांची डॉक्टर म्हणाली. "जखम भरते, काकू. चवीला सहसा काही होत नाही."

तिनं त्यातला 'सहसा' तेवढाच ऐकला. "दुसरं काही नाही का?"

होतं. कुणीतरी दान केलेल्या त्वचेपासून तयार केलेला निर्जंतुक पडदा. टाळूला हात लावायला नको, पण मूळ पूर्ण झाकलं जाईल याची तितकी खात्री नाही. "आणि हा सुटला, तर मग टाळूच घ्यावा लागेल. दोन आठवडे काहीही ओढून प्यायचं नाही."

तिनं पडदा निवडला. चार दिवस तोंड काचेचं असल्यासारखी वागली. धड हसली नाही की कुणावर ओरडली नाही, त्यामुळे घरचे जरा खूशच होते.

पाचव्या दिवशी नवऱ्यानं कौतुकानं चहा केला, निववला, बशीत चमचा ठेवून समोर आणला. तिच्या हातानं चमचा उचलला आणि सुर्र. सवयीला मेलीला काय कळतंय? ओठाखाली काहीतरी तुटलं. तोंडात रक्ताची खारट चव आली.

दवाखान्यात नवरा पुटपुटत राहिला, "मलाच बुद्धी झाली चहा करायची."

"केलात तुम्ही. ओढला मी," ती म्हणाली. टाळू कापल्यावर दीडशे पेले समोर येतील आणि सगळे सारखेच लागतील, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

डॉक्टरनं ओठ उचलला, दिवा जवळ ओढला. एकेक टाका तपासला.

"एक टाका तुटलाय. पडदा जागेवर आहे."

टाका पुन्हा घातला. बाहेर आल्यावर तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"फार दुखतंय का गं?"

तिनं नकारार्थी मान हलवली. बधिर ओठांतून शब्द नीट फुटेनात. "चहाचं पाणी दोनदा उकळलेलं होतं."

तिच्या असल्या निकालांवर एरवी तो दिवसभर फुगून बसायचा.

"हो," तो म्हणाला, "सकाळचंच होतं," आणि त्यानं स्वतःचेच डोळे पुसले.