पुडिंगखालचा पियानो

मी एक जुना पियानो आहे. सध्या माझ्यावर पुडिंगच्या बशा मांडतात. मित्रांनो, हसू नका. हसण्याचा हक्क कान असलेल्यांना, आणि तसं या हॉटेलात कोणी फिरकत नाही.

एका चिडक्या कारागिराने माझ्या तारा ओढल्या आणि मला थेट इथे धाडलं. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, घडी घातलेले रुमाल, माशासाठी वेगळा काटा. कोणता काटा कधी उचलायचा हे गिऱ्हाइकांना तोंडपाठ, तोंड कधी मिटायचं हे एकालाही ठाऊक नाही. वादक मात्र हिरा होता. सगळे त्याला मामा म्हणत. तो जॅझ वाजवायचा, म्हणजे ओळखीची चाल धरायची आणि सुचेल तशी जागच्या जागी फिरवायची. कोणाचा चमचा पडला तर मामा तो खणखणाटही चालीत ओवायचा. लोकांना वाटे, आपला चमचाच सुरात पडतो. गाढवाला गुळाची चव काय?

एकदा मालकाच्या जावयाने माझ्यावर फुलदाणी ठेवली. ती लवंडली, पाणी आत गेलं आणि मधली एक पट्टी मुकी झाली. दाबली की नुसतं 'टक'.

"मामा, आज रंगलं तर ठीक," जावई म्हणाला. "नाहीतर उद्यापासून हा ठोकळा आणि तुम्ही, दोघंही सुटलात."

मामाने मात्र ती पट्टी टाळली नाही. मुद्दाम दाबली, पुन्हा दाबली, आणि त्या 'टक'भोवती अशी चाल विणली की आचारी हातातली सुरी घेऊन दारात येऊन उभा राहिला. लोकांचे घास हातातच राहिले. त्या संध्याकाळी मी खरंच सुखी होतो.

जावई खूश. "आता रोज अगदी हेच वाजवायचं. ते 'टक'सुद्धा तिथल्या तिथेच."

"रोज तेच वाजवायला भिंतीवर घड्याळ आहे की, जावईबापू," मामा म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

त्याच्या जागी स्पीकर आला. तो रोज तेच वाजवतो, आणि कोणाचीच तक्रार नाही.

परवा मामा गिऱ्हाईक म्हणून आला. पुडिंग घेतलं, उभ्याउभ्याच चाखलं, बशी माझ्यावर ठेवली आणि पट्ट्यांवरचं झाकण उघडून ती मुकी पट्टी दाबली. टक. जरा थांबून, टक टक. आता चाल येणार म्हणून माझ्या सगळ्या तारा ताठ झाल्या.

वेटर धावत आला. "बोलावलंत, साहेब? बिल आणू?"

मामाने हळूच झाकण मिटलं.

मित्रांनो, वाद्यांची काळजी घ्या वगैरे मी सांगत बसत नाही. तुम्ही ऐकणार नाहीच. निदान ती बशी तरी माझ्यावरून उचला.