सांभाळायला दिलेलं

"गजरा काढ," जयवंता म्हणाली.

हर्षलाने गजरा काढून दिला. त्याआधी मोबाईल, पर्स, स्वेटर आणि हातातल्या दोन पाटल्या सासूच्या ओटीत जमा झाल्या होत्या. चपला तर बाकाखाली केव्हाच गेल्या होत्या.

"आवं मावशी, गजऱ्याचं काय वजन असतंय?" रांगेतली एक पोटुशी हसत म्हणाली.

"तू गप बस गं. तुला नाय कळायचं."

"मग पिनापण काढा. तीन हायत केसात."

जयवंताचा हात खरंच हर्षलाच्या केसांकडे गेला, तशी अख्खी रांग हसली. हर्षलाही हसली. जयवंताला मात्र हसू आलं नाही.

नऊ तारीख होती. दर महिन्याच्या या तारखेला कर्जतच्या सरकारी दवाखान्यात आसपासच्या गावांतल्या गरोदर बायका येत. मागच्या चार खेपांना जयवंताला येता आलं नव्हतं. आधी भाताची कापणी, मग झोडणी, मग गुडघा. मुलगा अक्षय हर्षलाला गाडीवरून आणायचा आणि घरी येऊन सांगायचा, "सगळं बरोबर हाय म्हणाल्या सिस्टर." बरोबर म्हणजे काय, हे विचारण्याचा धीर जयवंताला होत नसे. आज ती स्वतःच्या डोळ्यांनी काटा बघणार होती.

पहिल्या खेपेला मात्र ती बरोबर होती. हर्षला अंगाने पहिल्यापासूनच भरलेली. काटा चौसष्टवर थांबला, तेव्हा सिस्टर म्हणाल्या होत्या, "आजी, हिचं वजन जरा सांभाळा हं. दोन जिवांची म्हणून ताटं भरून वाढू नका. आणि रोज थोडं चालू द्या."

ते शब्द जयवंताने पदराला गाठ मारावी तसे घरी नेले होते. सांभाळायला दिलेल्या वस्तूचा एक रिवाज असतो. शेजारीण गावाला जाताना तोळ्याचा दागिना ठेवायला देऊन गेली, तर आल्यावर तो तोळ्याचाच परत करायचा. गुंजभर कमी नाही, गुंजभर जास्त नाही. चौसष्ट दिलंय, चौसष्टच ठेवायचं.

आणि तिने ठेवलं होतं. हर्षलाच्या ताटात भाकरी अर्धी, भाताचा डाव एकच. तुपाची बरणी फडताळात मागे गेली, खोबरं बंद झालं. वाढताना तिचा हात थांबायचा तिथेच थांबायचा. संध्याकाळी आबाजी सुनेला चालायला नेत, पळसदरीच्या स्टेशनापर्यंत आणि परत. ते पुढे, पाच-सहा पावलं मागे हर्षला. सासरा-सून एकमेकांशी कधी चार शब्द बोलत नसत, पण या एका गोष्टीत खंड नव्हता. जयवंताला बरं वाटे. चालून काही अंगावर आलं असेल तर तेही उतरेल.

हर्षलाने कधी "आई, अजून वाढा" म्हटलं नाही. त्याचीच जयवंताला जास्त धास्ती वाटे. पोटुशी पोर, आणि हिला भूक कशी लागत नाही? मग तिला नम्रता आठवे आणि ती भाताच्या टोपावर झाकण घाली.

नम्रता तिची लेक. गेल्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जयवंताने तिला डिंकाचे लाडू घातले, भातावर तूप ओतलं. "खा गं, दोन जिवांची हायस." लेक खाऊन-खाऊन गोल झाली तसं गाव कौतुक करू लागलं. बाळ मोठं होतं. फार मोठं. येताना खांदा अडकला. पोरगा होता, काळंभोर जावळ होतं, आणि तो रडलाच नाही. नम्रता सासरी परत गेली. आता फोनवर ती "जेवलीस का?" एवढंसुद्धा विचारू देत नाही.

"हर्षला ठोंबरे, या."

हर्षला काट्यावर चढली. जयवंता ओटीतलं सामान आवळून मागे उभी राहिली आणि सिस्टरच्या खांद्यावरून वाकून बघू लागली. आकडे हलले आणि थांबले.

"एकोणसत्तर," सिस्टर म्हणाल्या. "छान."

जयवंता पुन्हा एकदा काट्यावर वाकली.

"काटा बिघडलाय."

"सकाळपासून एवढ्या जणी चढल्यात त्याच्यावर, आजी. कुणी तक्रार केली नाही."

"पयल्यांदा चौसष्ट व्हतं."

"मग? तेव्हा दुसरा महिना होता, आता सातवा आहे. आत बाळ वाढतंय, पाणी वाढतंय, रक्त वाढतंय. एवढं वाढायलाच हवं. मला भीती होती ती भराभर वाढेल याची. पण तुम्ही मस्त सांभाळलंत."

"सांभाळा म्हंजे..." जयवंता म्हणाली. "म्हंजे वाढू दिऊ नका, असं ना?"

सिस्टरचं पेन कार्डावर थांबलं. त्यांनी मान वर करून बघितलं.

"वाढूच देऊ नका? अहो, वाढलं नसतं तर मी हिला आजच डॉक्टरांपुढे उभी केली असती. आईच्या अंगाला लागलं नाही, तर बाळाला कुठून मिळणार?"

सिस्टरनी हर्षलाला आडवी केली, पोटावर टेप लावला, ठोके ऐकले. बाळ महिन्यांच्या मानाने बरोबर होतं. ना मोठं, ना बारीक. मागच्या खेपेपेक्षा रक्तही वाढलं होतं.

"काय देता हिला खायला? सांगा जरा ह्या पोरींना."

रांगेतल्या बायकांच्या माना वळल्या. जयवंताच्या डोळ्यांपुढे अर्धी भाकरी आली, तव्यावरून उतरवून अगदी मधोमध मोडलेली.

"भिजवलेले चणे," मागून हर्षलाचा आवाज आला. ती साडी सारखी करत होती. "राजगिऱ्याचा लाडू, कधी पेरू. रोज एक उकडलेलं अंडं. आणि रोज चालायला पाठवतात आई."

"अंडं?" सिस्टरनी जयवंताच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बघितलं. "तुमच्यात चालतं?"

"बाहेर खाते," हर्षला म्हणाली. "आईंनीच सांगितलंय."

"सासू असावी तर अशी," गजऱ्यावरून हसलेली ती बाई म्हणाली.

बाहेर येईपर्यंत जयवंताने सुनेकडे वळून बघितलं नाही. व्हरांड्याच्या कट्ट्यावर तिने एकेक वस्तू परत दिली. पाटल्या, मोबाईल, पर्स. गजरा मुठीत चुरगळला होता. तो देताना ती म्हणाली, "कोण देतं?"

हर्षला स्वेटरची बटणं लावत राहिली.

फाटकापाशी रिक्षाजवळ आबाजी उभे होते. दोघींना बघताच लगबगीने पुढे आले. दर नऊ तारखेला ते घराच्या ओट्यावर सुनेची वाट बघत बसत, तसेच आजही हर्षलाकडेच बघत विचारून गेले,

"वाढलं का गं?"

हर्षलाने मान हलवली. आबाजींचा चेहरा एकदम उजळला. मग त्यांना बायको दिसली, आणि ते टोपी काढून झटकू लागले.

"पाच किलो," जयवंता म्हणाली. "वाढलंय तुमचं."

रिक्षावाला उगाच आरशात बघू लागला.

"स्टेशनच्या बाहेर हातगाडी लागते," हर्षला खालच्या आवाजात म्हणाली. "तिथं घेतात आबा. अंडं सोलून देतात. पेपरात धरून. माळकरी ना, बोट लागू देत नाहीत."

"मला का नाय सांगितलंत?" जयवंताचा सवाल नवऱ्याला होता.

आबाजींनी टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "सांगणार व्हतो. पर तू भाताच्या टोपावर झाकण घालायचीस, तवा तुज्या तोंडाकडं बघवायचं नाय. नम्रताच्या येळेचं सगळं तोंडावर असायचं. म्हटलं, तुला काय बोलायचं? तू हिकडून राख, मी तिकडून घालतो."

रिक्षाने तिघं घरी आली. दुपारी जयवंता वाढायला बसली. पहिला डाव हर्षलाच्या ताटात पडला. दुसरा हवेत थांबला. इतके महिने हाताला एकच माप ठाऊक होतं, आणि त्याआधीचं माप तर आठवायचीच भीती वाटे.

"किती वाढू गं?" ती म्हणाली.

हर्षलाने आश्चर्याने वर बघितलं. "एवढाच भात, आई. आमटी घाला जास्त."

जयवंताने आमटी घातली. दाट, तळापासून ढवळून.

संध्याकाळी आबाजींनी काठी उचलली, हर्षलाने स्वेटर घातला. दोघं अंगणात उतरली, तोवर मागून चपलांचा आवाज आला.

"गुडघा दुखल तुजा," आबाजी म्हणाले.

"दुखू दे."

तिघं निघाली. पळसदरीच्या धरणाकडून गार वारा येत होता. स्टेशनबाहेरच्या गाडीवाल्याने आबाजींना लांबूनच ओळखलं आणि न विचारता पातेल्यातून एक अंडं काढलं. कागदाचा तुकडाही त्याच्याकडे तयार होता. आबाजींनी हात पुढे केला, पण मध्ये जयवंताचा हात आला.

"कागद नको," ती म्हणाली.

अंडं गरम होतं. तिने ते गाडीच्या कडेवर आपटलं, जरा जास्तच जोरात. सोलायची सवय राहिली नव्हती. टरफलाबरोबर पांढरंही निघून येत होतं, बोटांना चिकटत होतं. आबाजी धरणाकडे तोंड करून उभे राहिले. हर्षलाने ते ओबडधोबड अंडं घेतलं आणि सावकाश खाल्लं. शेवटचा घास उतरेपर्यंत जयवंता तिच्या गळ्याकडे बघत होती.

"आनखी घिऊ?"

"एकच पुरे असतं, आई."

"बरं." थोडं थांबून तिने विचारलं, "हलतंय ना गं? म्हंजे... नीट हलतंय ना?"

इतक्या महिन्यांत हे तिने कधी विचारलं नव्हतं. हर्षलाने तिचा हात धरला आणि पदराखाली पोटावर ठेवला. जयवंता दचकली. बोटांना टरफलांचे कण होते, अंड्याचा वास होता. तिने हात मागे घेऊन आपल्या पदराला पुसू पाहिला.

"राहू द्या. हलेल आता," हर्षला म्हणाली. तिने तो हात तसाच दाबून धरला.

आत अजून काही हललं नव्हतं. दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. पुढे गेलेले आबाजीही थांबले होते, मागे वळून न बघता.