बिनकानाचा शिकारी

पिठाच्या डब्यावरचा मोबाईल थरथरला आणि दुपारची शांतता मोडली. तिथेच निजलेल्या पाच वर्षांच्या लेकीने, दिशाने, झोपेतच कूस बदलली. उज्वलाने शाडूने माखलेले हात पदराला पुसून मेसेज वाचला. सकाळी पाठवलेल्या फोटोवर विज्ञान केंद्राच्या सरांनी कळवलं होतं : प्राणी सुरेख, पण याला बाहेरचे कान नव्हते. काढून टाका. चारला येतो.

तिने वळून फळीवरच्या मातीच्या प्राण्याकडे पाहिलं. सायनोडॉन्ट. पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा, मुंगसाएवढा शिकारी, सस्तन प्राण्यांचा दूरचा नातलग. सासऱ्यांच्या, सहादूआबांच्या गणपतींना ती आजवर फक्त रंग देत आली होती. विज्ञान केंद्राने मागवलेला हा नमुना मात्र तिने एकटीने घडवला होता. पसंत पडला, तर पुढचे पाच प्राणी तिच्याच हातून व्हायचे होते. पण सुपाएवढ्या कानांची सवय झालेल्या हाताने आपसूकच दोन पाळ्या लावून टाकल्या होत्या.

खरी अडचण डोळ्यांची होती. ते कालच आखून झाले होते, आणि मूर्तींच्या या कारखान्यात एकदा डोळे उघडले, म्हणजे रेखले, की मूर्तीला हत्यार लावत नाहीत.

आबांना सांगावंच लागलं. ते प्राण्याजवळ येऊन बसले. एवढंसं जनावर, पण बघतंय कसं रोखून, असं पुटपुटले.

"देव थोडाच हाय ह्यो?"

"तरी आबा, डोळे उघडलेत."

"मंग झाक की. दवाखान्यात भूल देत्यात, तसं समज."

त्यांनीच जुन्या पंच्याची पट्टी फाडून प्राण्याच्या डोळ्यांवर बांधली आणि कोरणी तिच्या हातात दिली. दोन्ही पाळ्या निघाल्या. तिने ती जागा ओल्या बोटाने सारखी केली, सुकवली, वर रंगाचा हात फिरवला. मग हलकेच पट्टी सोडली.

सर आले. वाकून जबड्यात डोकावले, सुळ्यांवरून बोट फिरवलं, आणि आबांकडे वळून पुढचे पाच कधी सुरू करताय, असं विचारलं.

"सुनंला विचारा," तंबाखू मळत आबा म्हणाले. "म्या निस्ती पट्टी बांधली."

उद्यापासून, उज्वलाने सांगितलं. सरांची गाडी कोपऱ्यावर वळली तशी ती उंबऱ्यातच टेकली. कितीतरी दिवसांनी खांदे सैल पडले होते.

दिशा डोळे चोळत बाहेर आली. हा आता कुठं राहतो, म्हणून तिने विचारलं. कुठंच नाही गं, उज्वलाने सांगितलं, कधीचाच मेला तो.

दिशा त्याच्यासमोर उकिडवी बसली. नाकाला नाक लावून बराच वेळ बघत राहिली.

"आई, आबा म्हणतात डोळे उघडले की जीव येतो. मग हा मेलेला कसा?"