जुन्या बाजारातल्या दोन सॅक

"रिकामीच इतकी जड, तर भरल्यावर उचलणार कोण?" काट्याची बायको म्हणाली.

"वहिनी, लष्करातून निघालेला माल आहे." दुकानदाराने सॅकवर थाप मारली, तशी धूळ उडाली. "माणूस मोडेल, पण ही मोडायची नाही."

"माणूस मोडायला सॅक कशाला हवी? त्याला मी आहे की."

काटा हसला. उभा जन्म त्याने गोदामात पोती वाहिली होती. पोतं नुसतं हलवून तो वजन सांगायचा आणि ते वजनकाट्याशी तंतोतंत जुळायचं. म्हणून त्याला सगळे काटाच म्हणत. त्याने एकेक सॅक उचलली, पट्टे ओढून पाहिले, बक्कल दाताने चावायचं तेवढं बाकी ठेवलं आणि दोन निवडल्या. हिरव्या, विटक्या, आतून पाठीला लोखंडी चौकट असलेल्या. त्याआधी दोघं हमरस्त्यावरच्या चकचकीत दुकानात जाऊन आले होते. तिथल्या मुलीने दिलेलं पाणी प्यायले, किमती वाचल्या आणि मुकाट्याने बाहेर पडले.

बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी खिंडीपलीकडच्या तळ्यावर जायचं ठरवलं होतं. एक रात्र तंबूत राहायचं आणि ज्याने त्याने आपलं सामान आपणच वाहायचं. काट्याला तीच अट आवडली होती. "आयुष्यभर लोकांचा माल वाहिला," तो म्हणाला, "एकदा आपला स्वतःचा वाहून बघू."

आणि मग त्याच्या छातीत दुखलं. दवाखाना झाला, घरी आला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "चाला. सावकाश चढलात तरी हरकत नाही. पण ओझं अजिबात नाही. पाण्याची बाटली, बस्स."

"मग मी येत नाही," काटा घरी आल्यावर म्हणाला. "हात हलवत जायला मी काय पाहुणा आहे?"

"अहो, पण तुमचं सामान मी घेते ना."

"म्हणजे तू वाकून चालणार आणि मी पुढे मिरवत? लोक काय म्हणतील ते सोड. मला काय वाटेल?"

त्यानंतर तो खुर्चीत बसला तो बसलाच. पेपरसुद्धा उघडेना. पोती पेलणारे ते हात मांडीवर नुसते पडलेले तिला बघवेनात. दुखण्यातून वाचलेला नवरा आता या खुर्चीत संपणार, अशी धडकी तिला भरली. खरं तर डोंगराची हौस तिला कधीच नव्हती. पण आता तिने ठरवलं की हा माणूस डोंगर चढणार, आणि पाठीवर सॅक घेऊन चढणार. मग जग इकडचं तिकडे होवो.

एका कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवण्याचं तिचं काम. एका सुट्टीच्या दिवशी तिने नवऱ्याची सॅक उसवायला घेतली. लष्करी शिवण ती! दोन सुया मोडल्या, बोटाला भोक पडलं, तोंडातून एक शिवीही गेली. अखेर लोखंडी चौकट बाहेर आली. तिच्या जागी तिने फोमची जाड पट्टी शिवली.

"लोखंड का काढलंस?" खुर्चीतून प्रश्न आला.

"पाठीला टोचतं. आणि डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी. थोडं वजन चालेल म्हणाल्या." कुणाला काही विचारलेलं नव्हतं. इतकं सरळ खोटं ती लग्नानंतर पहिल्यांदाच बोलली असेल.

काटा तिच्याकडे बघत राहिला. "मग बरंय," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच्या सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरून इमारतीचा जिना चढू-उतरू लागली. शेजारीण दारातून म्हणाली, "घर सोडून निघालात की काय?"

"रोज निघते हो. गुडघे परत घेऊन येतात."

निघायच्या सकाळी दोन्ही सॅक सारख्याच फुगलेल्या दिसत होत्या. तिच्या सॅकमध्ये दोघांचे कपडे, पांघरुणं, तंबू, स्टोव्ह, भांडी, खाणं, त्याची औषधं. त्याच्या सॅकमध्ये कारखान्यातले फोमचे तुकडे, वर दिसायला एक स्वेटर.

काट्याने सॅकला हात घातला. उचलता उचलता तो हात क्षणभर थांबला. बायको पटकन खिडकी लावायला वळली. लावलेलीच खिडकी तिने पुन्हा उघडून लावली.

"बांधणी चांगली झालीय," तो तिच्या पाठीमागे म्हणाला. "चल, गाडी चुकेल."

चढ सुरू झाला तशी मंडळींची बडबड थांबली. काटा हळूहळू चढत होता, दर वळणावर उभा राहून श्वास घेत होता. ती त्याच्या मागे. पट्टे खांद्यात रुतत होते, मांड्या थरथरत होत्या. पण पुढची ती हिरवी सॅक वर सरकताना दिसली की तिचाही पाय उचलत होता. थांबायचं नाही, एवढंच ती मनाशी म्हणत होती.

खिंडीच्या अलीकडे सगळे टेकले. काट्याने सॅक उतरवून शेजारी ठेवली. तो घामाने भिजला होता. ग्रुपमधले बँकेचे निवृत्त मॅनेजर मनाने फार चांगले, फक्त कुणाला मदत केल्याशिवाय त्यांना राहवत नसे. ते उठून आले.

"अहो काटासाहेब, आत्ताच आजारातून उठलात तुम्ही! आणा ती इकडे, खिंडीपर्यंत मी घेतो." आणि त्यांनी सॅकच्या पट्ट्याकडे हात नेला.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. एका बोटावर उचलली गेली असती ती. सगळ्यांदेखत.

काट्याने आपला रुंद पंजा सॅकवर ठेवला.

"राहू द्या, साहेब," तो शांतपणे म्हणाला. "तुम्हाला झेपायची नाही. बायकोने भरलीय."

मंडळी हसली. मॅनेजरही हसले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. तिला मात्र हसता येईना. तिने मान खाली घालून बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली.

काटा उठला. दोन पाय फाकवून त्याने जमीन चाचपली, कंबरेतून वाकला, दम रोखला आणि 'हं' करून सॅक पाठीवर घेतली. ओझ्याखाली वाकतात तसा थोडा पुढे वाकून तो खिंडीकडे चालू लागला.