व्याह्यांचा नावाडी

मुलीच्या घरी बापाने मुक्काम करू नये, या मताची मी आहे आणि ते मत मी अजून बदललेले नाही. माझे वडील मिरजेला माझ्या सासरी येत, ते ओसरीवरच बसत. पाण्याचा घोटही न घेता, मला एकदा डोळे भरून पाहून उन्हात परत फिरत. म्हणून आर्मां देलोर्म नावाचे माझे फ्रेंच व्याही दोन पेट्या आणि वेताची एक जाड काठी घेऊन आमच्या सनीव्हेलच्या घरी कायमचे राहायला आले, तेव्हा मी शंतनूला सरळ विचारले, "यांना स्वतःचं घर नाही का?"

"आई, क्लेर त्यांची एकुलती एक मुलगी आहे. आणि तूही माझ्याच घरी राहतेस ना?"

"मी मुलाच्या घरी राहते. त्यात फरक आहे."

माझ्या सुनेला, क्लेरला, मराठी चांगले समजते. समजते, म्हणूनच मी आवाज खाली आणला नाही.

सकाळी शंतनू कंपनीच्या बसने जाई, क्लेर कॅलट्रेनने. मग संध्याकाळपर्यंत त्या घरात आम्ही दोघेच. एकाची भाषा दुसऱ्याला येत नसलेली दोन म्हातारी माणसे. रस्त्यावर माणूस दिसत नसे. समोरच्या गॅरेजचे दार उघडे, मोटार आत जाई, दार मिटे. त्या घरात कोण राहते हे मला आजतागायत ठाऊक नाही. मोटारीचा रंग तेवढा ठाऊक आहे.

व्याही मला 'मादाम' म्हणत. मी कन्याशाळेत इंग्रजी शिकवले आहे, पुढे मुख्याध्यापिका होते. त्यांनी नाटकांच्या दौऱ्यांत कामापुरते इंग्रजी उचललेले. त्या इंग्रजीत मी त्यांना समजावले, की आपल्या नात्याला आमच्याकडे स्वतंत्र शब्द आहे, मी तुमची विहीण. तेव्हापासून ते 'मादाम विहीण' म्हणू लागले. मी खोलीत आले की ते उठून उभे राहत आणि मी बसेपर्यंत बसत नसत. वरमाईचा मान माझ्या देशस्थ सोयऱ्यांनीसुद्धा इतक्या मनापासून राखला नव्हता. मी त्यांना सकाळच्या कॉफीला पुढच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली बोलावू लागले.

तिथे मला त्यांचे आयुष्य कळले. सेंत-नाझेर या बंदराच्या गावी त्यांचा जन्म. वडील गोदीत जहाजांचे पत्रे जोडत. हे पॅरिसला पळाले, नाट्यविद्यालयाच्या प्रवेश-परीक्षेत दोनदा नापास झाले, आणि मग एका नाट्यगृहात रंगमंच झाडायला राहिले. पुढे भालदार, पुढे नोकर, पुढे नायकाचा काका. एका खटारा गाडीतून फिरतीचे दौरे. त्या गावांची नावे ते जपमाळ ओढावी तशी सांगत: आंजे, तूर, ल मां, रेन. कुठल्या गावच्या घरमालकिणीने रात्रीचे सूप ठेवले, कुठल्या गावात पडदा अर्ध्यावर अडकला, सारे त्यांना पाठ. सिनेमेही पुष्कळ केले. बहुधा पोलीस इन्स्पेक्टर, पाद्री किंवा न्यायाधीश.

"आणि मरायचो लवकर," ते म्हणाले. "पहिल्या अर्ध्या तासात. प्रेक्षकांना माझा चेहरा आठवायचा, नाव नाही. पॅरिसच्या रस्त्यात लोक म्हणत, 'नमस्कार, इन्स्पेक्टर!' मीही टोपी उचलायचो."

"आणि इथे?"

"इथे कुणी इन्स्पेक्टरसुद्धा म्हणत नाही, मादाम विहीण."

एकच भूमिका त्यांनी अशी केली, की ती करण्यासाठी आपण जन्मलो असे त्यांना वाटे. एका वृद्ध नावाड्याची. नदीवर पूल झाला आहे, पलीकडे जाणारे सारे पुलावरून जातात आणि रिकाम्या नावेत उभा राहून तो नदीशी बोलतो. दोन हिवाळे ते नाटक पॅरिसच्या एका लहान नाट्यगृहात चालले. पुढे त्या नाट्यगृहात जोड्यांचे दुकान निघाले.

हे सांगताना एके दिवशी त्यांनी चमचा हातात धरला आणि त्याला काय म्हणतात ते त्यांना आठवेना. इंग्रजीत नाही, फ्रेंचमध्येही नाही. त्याआधी ते एकदा फिरायला गेले असता कोपऱ्यावर नुसते उभे राहिले होते आणि पोलिसाने त्यांना घरी आणून सोडले होते. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले होते. क्लेरने ते घरात पुन्हा उच्चारले नाही.

"नावाडी अजून अख्खा आहे," चमचा खाली ठेवत ते मला म्हणाले. "तो अख्खा आहे तोवर एकदा माणसांसमोर उभं राहून मला ते स्वगत बोलायचंय. एकही शब्द न गाळता. बाकी माझं काही मागणं नाही."

त्याच आठवड्यात महाराष्ट्र मंडळाची ज्ञानदा दिवाळीच्या कार्यक्रमासाठी माझे नाव घ्यायला आली. मी म्हटले, "माझं राहू दे. माझ्या व्याह्यांना दहा मिनिटं दे."

"सुमित्राकाकू, फ्रेंचमध्ये?" ती हसली. "ऑडियन्स लगेच समोसे शोधत बाहेर जाईल हो!"

"समोसे नंतर वाटायचे. म्हणजे कुणी जाणार नाही."

तिने दहा मिनिटे लिहून घेतली. माझ्याशी वाद घालायची मंडळात पद्धत नाही.

क्लेरने मात्र रात्रीच्या जेवणात घास खाली ठेवला. "नाही, आई. कॅन्सल करा. पापा विसरतील, आणि शंभर लोक बघतील. मी ते बघू शकणार नाही."

"अगं, तिथे फ्रेंच कुणाला येतं?" शंतनू समजुतीने म्हणाला. "चुकले तरी कुणाला कळणार आहे?"

हे वाक्य त्याने इंग्रजीत म्हटले, ही त्याची चूक. व्याह्यांनी ताटावरून मान वर केली.

"मला कळेल," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मला सूफ्लर हवा. रंगमंचाखालच्या खोबणीत बसून शब्द पुरवणारा."

"मी बसेन," मी म्हटले.

"तुम्हाला फ्रेंच येत नाही."

"सहाव्या वर्षी मला संस्कृत तरी कुठे येत होतं? आजोबांनी एकदा म्हणायचं, मी दोनदा म्हणायचं. अशी संथा घेत सबंध विष्णुसहस्रनाम पाठ झालं. अर्थ पुष्कळ वर्षांनी कळला. तुम्ही संथा द्या."

दुसऱ्या दिवसापासून लिंबाच्या झाडाखाली माझे पाठांतर सुरू झाले. ते एकदा म्हणत, मी दोनदा. पहिले वाक्य होते, 'इल न पास प्ल्यू पेर्सॉन'. आता पलीकडे कोणीच जात नाही. त्यांचा घशातला 'र' मला साधेना, ते म्हणाले, "मादाम विहीण, तुमच्या नावेत खडे फार आहेत." मी त्यांना बजावले, की विद्यार्थ्याची चेष्टा करणारा शिक्षक माझ्या शाळेत टिकला नसता. त्यावर ते इतके हसले, की कॉफी सांडली.

शब्दांइतकाच त्यांनी मला स्तब्धपणा शिकवला. कुठे ते थांबणार, नजर पाण्यावर किती वेळ ठेवणार. "नटाच्या थांबण्यात शब्द टाकणं हे सूफ्लरचं सर्वांत मोठं पाप," ते म्हणाले. "आणि दुसरं पाप टाळी वाजवणं. त्याने टाळी वाजवायची नसते. तो प्रेक्षक नाही, तो आमच्यातला."

कुणी मला 'आमच्यातली' म्हणून फार दिवस झाले होते.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. तिसरी घंटा कुणाच्या तरी मोबाइलवर वाजली; व्याह्यांनी ती नाकारली. त्यांच्याकडे पडदा उघडण्यापूर्वी जाड काठीने रंगमंचावर तीन ठोके देतात. काठी त्यांनी माझ्या हाती दिली. मी ठोके दिले आणि विंगेत, त्यांना दिसेन अशी, खुर्ची टाकून बसले. सभागृह गप्प झाले.

मी पुष्कळ वक्ते ऐकले आहेत. असा आवाज ऐकलेला नाही. माझ्या समोर कॉफी सांडणारा, चमचा विसरणारा माणूस कुठे नव्हताच. नाव हलत होती, आणि ती हलताना त्यांचे गुडघे किंचित वाकत होते. मी मनात शब्दाशब्दाने त्यांच्याबरोबर चालले होते. पुलाचे वाक्य आले. त्यानंतर त्यांनी थांबायचे होते, ते थांबले.

पण नजर पाण्यावर नव्हती. ती इकडेतिकडे काहीतरी शोधत होती. मी शब्द दिला. पुन्हा दिला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले, ते अनोळखी बाईकडे पाहावे तसे. मग ते प्रेक्षकांकडे वळले आणि त्याच भरदार, ओल्या आवाजात बोलू लागले: आंजे. तूर. ल मां. रेन. दौऱ्यातली गावे. मध्येच कुठल्याशा घरमालकिणीचे नाव, मग क्लेरचे, आणि पुन्हा गावे. शेवटी ते वाकले.

सभागृह उभे राहिले. पहिल्या रांगेत क्लेर तेवढी बसून होती, तोंडावर हात धरून.

बाहेर पार्किंगमध्ये ज्ञानदा धावत आली. "काकू, अंगावर काटा आला हो! एक अक्षर कळलं नाही, पण शेवटी रडूच आलं. ते शेवटचं तर फँटास्टिक!"

शंतनूने सासऱ्यांचा हात हातात घेतला. "सुपर्ब!" क्लेरने त्यांना मिठी मारली आणि त्यांच्या कोटात तोंड लपवून काहीतरी फ्रेंचमध्ये म्हणाली. 'पार्फे', म्हणजे अगदी अचूक, एवढा शब्द मला कळला.

त्यांनी तिला थोपटले, बाजूला केले आणि ते माझ्याकडे आले.

"मादाम विहीण, तुम्ही सांगा."

क्लेरने माझा दंड धरला. तिची बोटे काय विनवीत होती, ते मला कळत होते. मी चुकलेल्या उत्तरावर जन्मात कधी बरोबरची खूण केलेली नाही. पण त्या क्षणी मी तो विचार केला नाही. माझ्यासमोर एक नट त्याच्या सूफ्लरला विचारत होता, आणि त्याला उत्तर देऊ शकेल असे दुसरे माणूस त्या गावात नव्हते.

"चुकलात," मी म्हटले. "पुलाच्या वाक्यानंतर. मी दोनदा शब्द दिला, तुम्ही घेतला नाहीत. पुढे दौऱ्यातली गावं म्हणालात."

"आई!" क्लेर ओरडली.

व्याह्यांनी डोळे मिटले. उघडले, तेव्हा खांदे ताठ झाले होते. "पुलापर्यंत?"

"पुलापर्यंत एक मात्रा चुकली नाही."

"आभारी आहे," ते म्हणाले. "महिनाभर घरात मी काहीही केलं तरी सगळे म्हणतात, छान. मला वाटलं होतं, मी मेलोच." मग त्यांनी कमरेत वाकून मला नमस्कार केला. "उद्या? कॉफीला?"

"उद्या कॉफीला. पुलापासून."

त्या रात्री क्लेरने मला 'शुभ रात्री' म्हटले नाही; पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी दोघे कामाला गेले. मी कॉफी घेऊन अंगणात बसले. व्याही आले, कालचाच काळा कोट घालून, केस विंचरून. मी बसलेली पाहून ते बसले.

"मादाम विहीण," ते हळूच म्हणाले, "प्रयोग आज आहे ना? मला थोडी भीती वाटते. आंजेलाही वाटली होती."

कालची काठी, उभे राहिलेले सभागृह, पार्किंगमधला तो नमस्कार यांपैकी त्यांच्याकडे काही उरले नव्हते. माझे सत्यही नाही. ते सगळे आता माझ्या एकटीच्या ताब्यात होते, आणि त्याबद्दल बोलायला त्या रस्त्यावर कोणी नव्हते.

मी काठी उचलून फरशीवर तीन ठोके दिले.

ते उठले. गुडघे किंचित वाकले. "इल न पास प्ल्यू पेर्सॉन," त्यांनी सुरुवात केली. पुलाचे वाक्य आले, ते थांबले, नजर भरकटू लागली. मी शब्द दिला. या वेळी त्यांनी तो घेतला, जणू तो त्यांचाच होता, आणि पुढे निघाले. पुढचा एकही शब्द गळला नाही. नावाड्याने शेवटी वल्हे खाली ठेवले तेव्हा समोरच्या गॅरेजचे दार उघडले, मोटार बाहेर पडली, दार मिटले.

ते लिंबाच्या झाडाला वाकून माझ्याकडे वळले आणि वाट पाहत उभे राहिले. मी हात मांडीवरच ठेवले. सूफ्लरने टाळी वाजवायची नसते.